हेझल फेरीच्या पाट्या

हेझल फेरी ह्या गावात जे उभं होतं त्याला पाटी नव्हती. जे नाहीसं झालं होतं त्यालाच पाटी होती, आणि त्या सगळ्या पाट्या शेलारकाकांनी स्वतःच्या हातांनी लिहिल्या होत्या.

गेल्या आठवड्यात ओहायोतल्या डब्लिनहून काकूंचा फोन आला. शेवटी दोघं तिथे लेकीकडे राहायला गेले होते, आणि काका तिथेच वारले. रडून झालेलं असावं, आवाज अगदी कोरडा होता. म्हणाल्या, "सुधीर, इथल्या गॅरेजमध्ये ह्यांच्या अकरा कोऱ्या पाट्या निघाल्या रे. काय करू त्यांचं?" मग त्यांनीच विचारलं, "हे गेल्याचं त्या गावात कुणाला कळवायचं का?" एकीला कळवतो, असं मी म्हणालो. तेव्हापासून काका डोक्यातून जात नाहीत.

इलिनॉयच्या पश्चिमेला, जिथे मक्याची शेतं नजर थकेपर्यंत पसरलेली असतात, तिथे एका मंद, मातकट नदीच्या काठी हे गाव. दीडशे माणसं असतील नसतील. एक धान्याचं उंच कोठार, एक चर्च, एक पोस्ट, एक कॅफे, आठवीपर्यंतची शाळा आणि नदीवरचा एक जुना लोखंडी पूल. काउंटीच्या रस्ते खात्यात काका पूल तपासायचे. ऐंशीनंतर लगेचच मी त्याच खात्यात लागलो. नागपूरहून आलेला, नुकतंच लग्न झालेला आणि थंडीने गारठलेला. काका तेव्हा साठीला टेकले होते. सांगलीकडचे, अंगाने किरकोळ, कानटोपी एप्रिलपर्यंत डोक्यावर. ऑफिसात सगळे त्यांना के.टी. म्हणत. काका राहायचे मात्र हेझल फेरीत, आणि तिथे राहणारं मराठी घर त्यांचं एकट्याचं.

पहिल्याच दिवशी ते मला त्या पुलाखाली घेऊन गेले. हातात छोटी हातोडी, खिशात पिवळा खडू. लोखंड जोडणाऱ्या एकेका रिबिटावर टक् करून मारायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. आवाज खणखणीत आला की पुढे. जरा शंका आली की खडूने गोल.

"ऐक," ते म्हणाले. "हे चांगलं. आणि हे? हे आजारी आहे."

मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. मी मान डोलावली. काकांना ते कळलं, पण ते पुढच्या रिबिटाकडे वळले. ही हातोडीची सवय त्यांना घरीदारीही सोडत नसे. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी बोटाच्या पेराने आमचं डायनिंग टेबल वाजवून पाहिलं आणि माझ्या बायकोला, मीनाला सांगितलं, "एक पाय सैल आहे गं." खरंच होता.

दुपारी पुलाखालीच बसून आम्ही फॉइलमधली पोळी-भाजी खाल्ली. पुलावरचा रस्ता लाकडी फळ्यांचा होता. गाडी गेली की त्या फळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धडधडत वाजायच्या, आणि वर न बघता काका सांगायचे, "हा हॅरी. शाळेची बस चालवतो. ही पोस्टातली डोरथी, पुलाच्या मध्यावर नेहमी स्लो करते." फक्त काकाच नव्हे, अख्खं गावच आवाजावरून ओळखायचं की कोण आलं नि कोण गेलं. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बायका फळ्या वाजल्या की मान वर न करता म्हणत, "आला वाटतं."

तर पाट्यांची गोष्ट. रस्त्यावरच्या जुन्या, वाकलेल्या, गोळ्यांनी भोकं पडलेल्या खुणा खात्यात बदलल्या जात. टाकून द्यायच्या त्या ॲल्युमिनियमच्या पाट्या काका साहेबांना विचारून घरी आणायचे, ठोकून सरळ करायचे आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काळ्या ऑइलपेंटने लिहायचे. "इथे फेरी होती." "इथे पहिली शाळा होती." "इथे हॉटेल होतं, एकवीस खोल्यांचं." माहिती मिळवायची त्यांची पद्धत पूल तपासण्यासारखीच. म्हातारी माणसं गाठायची, एकच प्रश्न चार जणांना विचारायचा, आणि उत्तर जिथे बद्द वाजेल तिथे वहीत गोल. त्यामुळे गावात चालत गेलात तर समोरून वाचायचं की इथे लोहाराची भट्टी होती, आणि मागे जाऊन बघावं तर लिहिलेलं, थांबा.

मी त्यांना चिडवायचो, "काका, तुमच्या गावात जे आहे त्याची काही किंमतच नाही."

"जे आहे ते दिसतंय की," ते म्हणायचे. "त्याला पाटी कशाला?"

शिकागोकडची, शॉमबर्गची वगैरे मंडळी दिवाळीला त्यांच्याकडे यायची. फराळ झाला की काका सगळ्यांना गाव दाखवायला काढायचे. नोव्हेंबरचा वारा, बायकांच्या साड्यांवर कोट, आणि काका एका रिकाम्या गवताळ प्लॉटसमोर उभे राहून हॉटेलचा जिना कुठून वर जायचा ते हाताने दाखवताहेत. एकदा त्यांची लेक नीता सगळ्यांसमोर म्हणाली, "डॅड, देअर इज नथिंग हिअर." पाहुणे हसले. काकाही हसले आणि पुढच्या रिकाम्या प्लॉटकडे निघाले. काकू माझ्या बाजूला होत्या. हळूच म्हणाल्या, "इथल्या मेलेल्या माणसांची सुद्धा नावं पाठ आहेत ह्यांना. आणि आमच्या धाकट्या दिरांच्या मुलांची नावं मला सांगावी लागतात. चौदा वर्षं झाली, गावाकडे गेले नाहीत."

पण ह्या पाट्यांची खरी खोड वेगळीच होती. प्रत्येक पाटीवर बांधणाऱ्याच्या नावाखाली आणखी एक नाव असायचं. ती गोष्ट कुणामुळे संपली त्याचं. शाळा जळाली, तर शेगडी पेटती ठेवून गेलेल्या मास्तरांचं. हॉटेल पडलं, तर त्याचं छप्पर विकून टाकणाऱ्या मालकाचं. काका म्हणायचे, "बांधणाऱ्याचं नाव सगळेच लिहितात रे. मोडणाऱ्याचं कुणीच लिहीत नाही, म्हणून लोकांना वाटतं गोष्टी आपोआप मोडतात." मला हा हट्ट वाटायचा, आणि खरं सांगायचं तर थोडा क्रूरपणाही. परक्या गावात येऊन त्यांच्या आज्या-पणज्यांचे हिशेब मांडायला आपल्याला सांगितलंय कुणी?

फेरीच्या पाटीवर ओटो नावाच्या माणसाचं नाव होतं. पुलाच्या आधी तो नदीवर तराफा चालवायचा. तराफ्याच्या कडेला पांढरी रेघ मारलेली होती. पाणी तिथवर आलं की आणखी माल घ्यायचा नाही. एकदा त्याने घेतला. तराफा उलटला, दोन घोडे आणि एक माणूस गेला. पाटीवर लिहिलं होतं, "बुडाली, ओटोच्या हातून." हा ओटो म्हणजे पोस्टातल्या डोरथीचा बाप.

डोरथी तेव्हा सत्तरीची, पोस्टातून निवृत्त झालेली. गावात तिला सगळेच जरा वचकून असत. पाटी लागल्यावर आठवड्याने ती काकांच्या दारात आली, हातात ॲपल-पायची बशी घेऊन. मी तिथेच होतो. तिने बशी टेबलावर ठेवली, चहा घेतला आणि मग म्हणाली, "मिस्टर शेलार, माझ्या वडिलांचं नाव काढा."

"ते मला नाही जमणार," काका म्हणाले.

"त्यांनी तीस वर्षं ती फेरी चालवली. त्यातला एकच दिवस तुम्ही लिहिलात."

दुसऱ्या दिवशी मी पुलाकडे जाताना पाहिलं, तर पाटीवर नव्या ओल्या रंगात एक ओळ वाढली होती. "त्याआधी तीस वर्षं त्याने ती सांभाळून चालवली." नाव होतं तिथेच होतं. डोरथीने पुन्हा तो विषय काढला नाही. पण कॅफेत काका आले की ती शेजारची खुर्ची मोकळी करून द्यायची. कॅफेत भिंतीवर खिळे होते आणि रोज येणाऱ्यांचे कप त्यावर टांगलेले असत, ज्याचा त्याचा. काकांचा कप निळा होता, तिसऱ्या ओळीत. दिवाळीला आलेल्या पाहुण्यांना काका सगळं गाव दाखवत, पण तो कप कधी दाखवत नसत. मला मात्र एकदा दाखवला होता.

मग तो मार्च आला. बर्फ वितळायला लागलं होतं आणि आम्ही वर्षाच्या तपासणीला पुलाखाली गेलो. पुलाचा सगळा ताण खालच्या लोखंडी पट्ट्या घेतात. त्यातल्या दोन पट्ट्या जिथे खिळीत अडकवलेल्या होत्या, तिथे काकांनी हातोडी मारली. ह्या खेपेला मलासुद्धा ऐकू आलं. बद्द, मातीवर मारल्यासारखं. काकांनी गंज खरवडला. आत पट्टी बोटाएवढी सुद्धा उरली नव्हती. खडू काढला, हातात धरला, आणि गोल न करताच परत खिशात ठेवला.

त्या दिवशी पोळी-भाजी खाल्ली नाही आम्ही. वरून हॅरीची बस धडधडत गेली. काकांनी कानांवर टोपी ओढली.

साहेबांनी रिपोर्टचा मसुदा वाचून सरळ मार्ग सांगितला. "पाच टनांच्या वजनमर्यादेची पाटी लाव आणि सोडून दे, के.टी. गावच्या कोठाराचा सगळा माल त्या पुलावरून येतो. बंद केलास तर चौदा मैलांचा वळसा. गाव मरेल."

ऑफिसच्या बाहेर गाडीत बसल्यावर मीही तेच म्हणालो. "काका, साहेब चुकीचं नाही बोलत यार. लिमिट पोस्ट करू. बाकी त्यांची जबाबदारी."

"पाच टन म्हटलं की हॅरी पहिल्या दिवशी मुलांना उतरवेल," काका म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "मुलं चालत पलीकडे जातील, मागून रिकामी बस. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी पाऊस असेल, आणि हॅरी म्हणेल, एवढ्याने काय होतंय. वाईट नाहीये तो. ओटोही वाईट नव्हता. पांढरी रेघ होती की त्याच्या तराफ्यावर."

मी गाडी चालू केली. घरी सोडताना ते एवढंच म्हणाले, "ही माणसं मला माहीत नसती तर बरं झालं असतं."

त्यांनी सही केली आणि दोन दिवसांत पुलाच्या दोन्ही तोंडांवर काँक्रीटचे ठोकळे बसले. गावकरी पंचवीस-तीस जण काउंटीच्या सभेला आले. निदान पेरणीपर्यंत, निदान कापणीपर्यंत थांबा म्हणाले. काका उभे राहून पट्टीची जाडी सांगत राहिले. आकडे ऐकायला तिथे कुणी आलेलं नव्हतं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ह्याला आमच्या पुलाची पाटी लिहायची घाई झालीय." हसलं कुणी नाही. काका खाली बसले.

त्याच आठवड्यात कॅफेचा मालक काकांच्या दारात एक कागदी पिशवी ठेवून गेला. आत निळा कप होता, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला.

पुढचं सगळं साहेब म्हणाले तसंच झालं. कोठार वर्षभरात बंद पडलं. शाळा मोठ्या गावच्या शाळेत विलीन झाली. कॅफे आठवड्यातून दोनच दिवस उघडायला लागला. आणि पुलावरच्या फळ्या वाजेनाशा झाल्या. मीना एकदा काकूंकडे दोन दिवस राहून आली, तर म्हणाली, तिथे दुपारी इतकं शांत असतं की भीती वाटते.

पूल पाडायला वर्ष लागणार होतं. मधल्या हिवाळ्याच्या शेवटी नदीतला बर्फ फुटला. खाटेएवढे तुकडे खांबांवर येऊन आपटायला लागले. सगळा गाव काठावर बघायला जमला. काकाही आले, जरा लांब उभे राहिले. मी त्यांच्याबरोबर होतो. दोन तास बर्फ धडकत होता आणि पूल कुरकुरत होता, आणि मी मनातून अक्षरशः प्रार्थना करत होतो की पड बाबा आता. रिकामा आहेस, कुणी मरायचं नाही, पड. पडला असता तर काका सुटले असते.

पूल पडला नाही. बर्फ निघून गेला. माणसं परत फिरली, आणि काकांच्या जवळून जाताना हॅरी शांतपणे म्हणाला, "उभा आहे, के.टी."

"हो," काका म्हणाले. "दिसतंय."

त्या उन्हाळ्यात क्रेन आल्या आणि आठ दिवसांत पुलाचे तुकडे करून ट्रकवर घालून नेले. काका त्याच वर्षी निवृत्त झाले. काकू म्हणाल्या, आता तरी लेकीकडे जाऊ. काका म्हणाले, एक पाटी राहिलीय.

ती लिहिली तेव्हा मी गॅरेजमध्ये त्यांच्यासमोर बसलो होतो. इतर पाट्यांसारखीच. इथे पूल होता. पाया गावकऱ्यांनी घातला, त्यातल्या नऊ जणांची नावं. आणि खाली, "बंद केला, के. टी. शेलार."

मी चिडलो. "काका, कारण तरी लिहा. पट्ट्या गंजल्या होत्या म्हणून लिहा. बावीस वर्षं तुम्ही त्याचं एकेक रिबिट तपासलंत, ते लिहा. ओटोच्या पाटीवर लिहिलंत ना?"

"ते मी माझ्या मनाने नव्हतं लिहिलं." काका ब्रश पुसत होते. "डोरथी आली होती मागायला. तसं गावातलं कुणीतरी यावं लागतं."

पाटी लागली. कुणीही आलं नाही.

वर्षभराने मला शॉमबर्गला नोकरी मिळाली. सामान हलवायच्या आधी, ऑक्टोबरमधल्या एका सकाळी, मी निरोप घ्यायला हेझल फेरीला गेलो. लवकर पोचलो होतो म्हणून आधी नदीकडे वळलो. रस्ता जिथे संपतो तिथे पाटीसमोर डोरथी उभी होती. काठी पाटीच्या खांबाला टेकवलेली, एका हातात टर्पेंटाइनची बाटली, दुसऱ्या हातात फडकं. ती काकांचं नाव पुसत होती. घाईने किंवा रागाने नव्हे, एकेक अक्षर, चांदीचं भांडं पुसावं तसं.

मला बघून ती दचकली नाही. म्हणाली, "सगळी मुलं जिवंत आहेत गावातली. मोठी होताहेत. त्याचं नाव इथे असायचं काही कारण नाही."

"हे तुम्ही त्यांना सांगा," मी म्हणालो.

"सांगितलं तर मला पुसू देणार नाही तो. मी त्याला ओळखते." तिने बाटलीचं झाकण लावलं. "माझ्या बापाचं नाव मी रोज वाचत आले, तरुण माणसा. कसं वाटतं ते मला माहीत आहे. तूही सांगू नकोस. शब्द दे."

मी शब्द दिला. सत्तरी ओलांडलेली बाई, थंडीत हात लाल झालेले, नाही कसं म्हणणार?

काकांकडे चहा झाला. काकूंनी चकल्यांचा डबा दिला. निघताना काका म्हणाले, "थांब, मीही येतो नदीपर्यंत. थोडं काम आहे." त्यांच्या हातात काळ्या रंगाचा छोटा डबा आणि ब्रश होता, आणि दुसऱ्या काखेत घडीचं स्टूल. चालताना धाप लागत होती. दोनदा थांबले.

पाटीपाशी पोचलो. हवेत अजून टर्पेंटाइनचा वास होता. काका पाटीकडे बघून हसले, नेहमीचं कोरडं हसू.

"पुन्हा पुसलं. दर आठवड्याला पुसतात. राग आहे रे लोकांचा. बरोबर आहे त्यांचं, असणारच. पण नाव राहिलं पाहिजे." स्टूल उघडून ते पाटीसमोर बसले आणि डब्याचं झाकण काढलं.

"काका," मी म्हणालो.

"काय रे?"

रस्त्यापलीकडे डोरथीच्या घराच्या खिडकीत पडदा बाजूला झालेला होता. ती तिथे असणार. वर्षभर ज्या माणसाची काका वाट बघत होते, ते माणूस त्यांच्यापासून पन्नास पावलांवर उभं होतं, आणि मी शब्द दिला होता. शिवाय मला वाटलं, दिवाळीला येऊच, तेव्हा सांगू. ते राहूनच गेलं.

"काही नाही," मी म्हणालो.

त्यांनी लिहायला घेतलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. सगळं नाव लिहायला पाच-सात मिनिटं लागली. मग मागे सरकून त्यांनी मान तिरकी केली.

"बघ रे, सरळ आलंय का?"

"सरळ आहे, काका."

बोटाच्या पेराने त्यांनी पाटी एकदा वाजवून पाहिली, ऐकलं, आणि मान डोलावली. "जा तू आता, उशीर होईल. रंग वाळेपर्यंत मी बसतो इथे."

मी गाडी वळवली तेव्हा ते स्टुलावर तसेच बसले होते, टोपी कानांवर, पाठ गावाकडे.